शेवटी कोण वाजवणार?

प्रश्न : मेटालिका आणि मेगाडेथ या दोन अमेरिकन मेटल बँडचं वैर कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. मग हेच लोक एका कार्यक्रमात कसे येतात? भांडण खोटं होतं की पैसा मोठा ठरला? आणि दोन्ही बँड ‘मुख्य’ असले तर शेवटी कोण वाजवतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भांडण शंभर टक्के खरं. गिटारवादक डेव्ह मस्टेनला मेटालिकाने एप्रिल १९८३ मध्ये काढलं, तेव्हा त्यांचा पहिला अल्बमही आला नव्हता. न्यूयॉर्कमध्ये झोपेतून उठवून हातात कॅलिफोर्नियाचं बसचं तिकीट दिलं. अख्खी अमेरिका आडवी कापायची, तीही बसने! एवढ्या प्रवासात माणसाच्या डोक्यात काय काय शिजेल? मस्टेनच्या डोक्यात शिजलं त्याचं पुढे मेगाडेथ झालं, त्याचा स्वतःचा बँड.

पैसा तर आहेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोघांचे चाहते मिळून मोठं मैदान भरतं, खर्च वाटला जातो. पण तुमचा शेवटचा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे. मी बावीस वर्षं साऊंडवाला होतो.

एका कॉलेजच्या गॅदरिंगला दोन बँड होते आणि दोघांनाही शेवटी वाजवायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्यांचं झालं आणि दुसऱ्यांच्या ड्रमरने आख्खा सेट उचकटला, स्वतःचा मांडायला घेतला. तोवर मी मिक्सरवरची पांढरी टेप काढून नवी लावली, त्यावर स्केच पेनने परत ‘किक, स्नेअर, बास’ लिहिलं. पन्नास मिनिटं गेली. मुलं वडापाव खायला गेली ती गेलीच. शेवटी वाजवायचा मान मिळाला, ऐकायला मी आणि वॉचमन. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : शेवटी कोण ते सोडा, मधली वेळ किती ते बघा.

१९९२ साली मेटालिका आणि गन्स अँड रोझेस या दोन बँडनी उत्तर अमेरिकेत जोडीने स्टेडियमं गाजवली. मेटालिका आधी, गन्स नंतर. ८ ऑगस्टला मॉन्ट्रियलमध्ये आगीचे नवे फवारे बसवले होते. कुठला कुठून उडणार यात घोळ झाला, मेटालिकाचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड नेमका ज्वाळेत सापडला आणि डावा हात भाजला. मेटालिकाचा कार्यक्रम तिथेच संपला. आता गन्सने लवकर येऊन वेळ सावरायची की नाही? लोक ताटकळले. अखेर आले, तर त्यांचा गायक ॲक्सल रोझ घशाचं कारण सांगून अर्ध्यातच आत गेला. मग स्टेडियमबाहेर जाळपोळ, दगडफेक. गंमत म्हणजे दौरा पुढे चालू राहिला. हेटफिल्ड नुसता गायचा आणि त्याची गिटार जॉन मार्शल वाजवायचा. हा मार्शल मेटालिकाच्याच गिटारी सांभाळणारा जुना माणूस, १९८६ मध्ये हेटफिल्डचं मनगट मोडलं तेव्हाही तोच उभा राहिला होता. पडद्यामागच्या माणसाचं नाव कुणी पोस्टरवर छापत नाही, म्हणून इथे छापून घेतो.

शेवटी कोण, यावर एक सोपा तोडगा आहे, पाळी बदलायची. १९९१ मध्ये स्लेअर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स हे तीन मेटल बँड अमेरिकेत एकत्र फिरले तेव्हा शेवटचा मान आळीपाळीने घेतला. २२ जून २०१० ला बल्गेरियात सोफियाला हे तिघं मेटालिकाबरोबर एकाच कार्यक्रमात होते. तिथे मात्र पाळी वगैरे काही नव्हतं, शेवटी मेटालिकाच. पण त्यांनी बाकी तिन्ही बँडना स्टेजवर बोलावलं आणि डायमंड हेड या जुन्या ब्रिटिश बँडचं एक गाणं सगळ्यांनी मिळून वाजवलं. स्लेअरमधून एकटा ड्रमर डेव्ह लोम्बार्डो आला, बाकीचे आलेच नाहीत. मस्टेन आला. हेटफिल्डने त्याला मिठी मारली. सत्तावीस वर्षं झाली होती त्या बसला.

आपल्याकडे हे ८ जुलै १९२१ लाच होऊन गेलंय. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन कंपन्यांचे मालक, एकाचे चाहते दुसऱ्याच्या नाटकाला नाकं मुरडणारे. टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं मुंबईत ‘संयुक्त मानापमान’मध्ये उतरले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. एकाच नाटकात दोघं, त्यामुळे शेवटी कोण ही भानगडच नाही. ऑक्टोबरात केशवराव गेले. तो प्रयोग झाला नसता तर?

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. मित्रांबरोबर अशा कार्यक्रमाला मुंबईला जायचं म्हणतो. पाठवू का?
– एक आई, नाशिक

उत्तर : पाठवा, ताई. फक्त बरोबर कुणीतरी मोठं असू द्या आणि वयाची अट तिकिटावर वाचून घ्या. चपला नकोत, बूट घालू दे. केमिस्टकडे कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात, दोन जोड द्या. एक तो हरवणार आहे. आणि परतीची गाडी आधीच बघून ठेवायला सांगा, कारण दुसरा बँड वेळेवर येईलच याची खात्री मी देत नाही.