बंद केलेलं परत कधी सुरू करणार?

"ताई, आठ महिने झाले, कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा, सफरचंद सगळं बंद आहे. पहिल्या महिन्यात खूप बरं वाटलं, पण आता परत काही खायची भीती वाटते. वजन चार किलो उतरलंय. अजून काय बंद करू म्हणजे कायमचं बरं वाटेल?"

अगं, आठ महिने?? वाचून आधी वाईट वाटलं आणि मग जरा रागच आला. आपलं इथे असंच होतं, घरचं माणूस जवळ नाही, पोट दुखलं की रात्री नेटवर शोधायचं, सकाळी आईला व्हिडिओ कॉल, आणि प्रत्येक जण एकेक पदार्थ बंद करायला सांगतो, सुरू कर असं कुणीच म्हणत नाही.

तू करतेयस तो लो फॉडमॅप आहार, म्हणजे नीट न पचणारी काही कर्बोदकं (फॉडमॅप) कमी करणारा, मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेला. त्यात बंद ठेवायचा काळ आहे फक्त 2 ते 6 आठवडे! मग एकेक परत आणून बघायचं, हाच खरा उपचार. फॉडमॅप लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत, पाणी ओढतात, मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात आणि गॅस होतो. गॅस सगळ्यांनाच होतो गं, पण आयबीएसमध्ये (पोट वारंवार दुखतं, बिघडतं तो आतड्याचा आजार) आतडं जास्त हळवं असतं म्हणून तेवढ्यानेच कळ येते. आणि तेच चांगल्या जंतूंचं अन्न आहे, फॉडमॅप बंद केले की बिफिडोबॅक्टेरिया कमी होतात.

आमच्या ह्यांनी दीड वर्ष असंच काढलं. कुणाकडे जायचं तर घरून जेवून निघायचे. शेवटी डाएटिशियनने एकेक परत आणायला लावलं तेव्हा कळलं की त्रास फक्त कांद्याचा आणि तोही जास्त खाल्ला तर, दूध दीड वर्ष उगाच बंद होतं. मला अजून त्या दीड वर्षाचं वाईट वाटतं.

तर बाकी आहार आहे तसाच ठेव आणि एका वेळी एकच पदार्थ घे. दूध पहिल्या दिवशी पाव कप, मग अर्धा, मग एक. त्रास झाला तर तिथेच थांब, दोन-तीन दिवस जाऊ दे, मग पुढचा. गहू, कांदा, लसूण तिन्ही वेगवेगळे तपास, एक बाधला म्हणून तिन्ही सोडू नकोस. सगळं लिहून ठेव. लसणीचा नुसता स्वाद हवा असेल तर तेलात अख्ख्या पाकळ्या परतून काढून टाक, त्यातलं फ्रुक्टन, म्हणजे लसणीतलं फॉडमॅप, पाण्यात उतरतं, तेलात नाही. ते तेल लगेच वापर, साठवू नकोस.

एक मात्र आधी सांग, गहू सोडण्यापूर्वी सेलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्ततपासणी केली होतीस का? गहू बंद असताना ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना हे सांगच. आणि चार किलोचंही सांग, कमी खाल्ल्यामुळेच उतरलं असेल असं आपलं आपण ठरवायचं नाही. शौचातून रक्त जात असेल किंवा रात्री पोटदुखीने जाग येत असेल तर थांबूच नकोस.

बाकी प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंचं औषध) घ्यायचंच तर महिनाभर घेऊन बघ, फरक नसेल तर सोड. कॉफी तीन कपांच्या वर नको. कोंडा नको, इसबगोल चालेल, थोड्यापासून सुरू कर आणि वर भरपूर पाणी पी.