आधी सदाफुली, मग मधुमालती

पुण्यात घर, गॅलरी पश्चिमेची, पहिलीच बाग, आणि सदाफुली लावू की मधुमालतीचा वेल असा प्रश्न पडला असेल, तर माझं ऐका: सदाफुलीपासून सुरुवात करा. १० इंची कुंडी पुरते, पुण्याचं एप्रिलचं ऊन ती सहज सोसते आणि जवळजवळ वर्षभर फुलते. तिला मारतं ते जास्तीचं पाणी. बोट पेरभर मातीत खुपसा. ओल लागली तर झारी खाली ठेवा. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढाच, नाहीतर मुळं कुजतात. झाड विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर कुंडी उंचावर.

मधुमालतीचा मोह मला कळतो. संध्याकाळी फूल पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग, आणि रात्री काय सुवास! पण वेल दांडगा आहे. नायलॉनच्या दोरीवर भागत नाही, लोखंडी जाळी किंवा कमानच हवी, आणि मुळांना जमीन नाहीतर मोठा ड्रम. फुलं नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून बहर ओसरला की कात्री चालवायला अजिबात कचरू नका. गच्ची मिळाली तर जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर लावा.