‘द प्लॅटफॉर्म’मध्ये दोष हावरटपणाचा आहे की व्यवस्थेचा? आणि शेवटी त्या पन्ना कोटाचं काय झालं?

‘द प्लॅटफॉर्म’ या चित्रपटाबद्दल तुमचं म्हणणं असं की वरचे हावरट म्हणून खालचे उपाशी, एवढंच सांगायला दीड तास कशाला हवा? आणि शेवटी ती मुलगी नि तो पन्ना कोटा (मलईचा इटालियन गोड पदार्थ) हे काय प्रकरण आहे? पुढे शेवट उघड केला आहे, तेव्हा चित्रपट पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं.

मूळ स्पॅनिश नाव ‘एल ओयो’, म्हणजे खड्डा. दिग्दर्शक गाल्देर गाझ्तेलू-उरुतिया, साल २०१९. मार्च २०२० मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला आणि नेमका टाळेबंदीत घराघरांत पाहिला गेला. इंग्रजी नावामुळे आपलं लक्ष त्या खाली उतरणाऱ्या मेजावर खिळतं. पण पाहायचे ते खड्ड्याचे नियम.

हा खड्डा म्हणजे एकाखाली एक मजले असलेला उभा तुरुंग. एका मजल्यावर दोघं. रोज एकदा अन्नाने भरलेलं मेज वरून खाली येतं, थोडा वेळ थांबतं, पुढे जातं. एक फळ जरी काढून ठेवलं तरी खोली मरणाची तापते किंवा गोठते. महिना संपला की सगळ्यांना बेशुद्ध करतात आणि जाग येते ती दुसऱ्याच मजल्यावर. नायक गोरेंग ४८व्या मजल्यावर सुरुवात करतो, मग १७१, ३३, २०२ आणि शेवटी ६.

हावरटपणा या शेवटच्या दोन नियमांतून येतो. साठवता येत नाही आणि पुढचा महिना कुठे जाईल ते माहीत नाही, मग आज पोटात गेलं तेवढंच आपलं. ४८व्या मजल्यावरचा गोरेंगचा सोबती त्रिमागासी हा म्हातारा आधी १३२व्या मजल्यावर राहून आलेला आहे. उपास काय असतो हे त्याला पुरतं ठाऊक आहे, तरी ४८वर आल्यावर तो खालच्यांच्या अन्नावर थुंकतो. भूक सोसलेला माणूस दुसऱ्याची भूक जाणतो, हा आपला लाडका समज चित्रपट पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच मोडून काढतो. सोसलेल्या भुकेतून इथे कणव येत नाही, धास्ती येते.

हाच त्रिमागासी १७१व्या मजल्यावर गोरेंगला पलंगाला बांधतो आणि वेळ येताच त्याचं मांस कापून खायचा बेत शांतपणे समजावून सांगतो. त्याच्या मते दोष वरच्यांचा. गोरेंग म्हणतो, मी तुलाच जबाबदार धरतो. तुमच्या प्रश्नातला वाद पडद्यावर घडतो तो इथे. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणून तो प्रसंग इतका अंगावर येतो. या म्हाताऱ्याच्या हातातली सुरीही लक्षात ठेवा. सोबत एकच वस्तू नेता येते, आणि त्याने आणली आहे स्वतःला धार लावणारी सुरी. टीव्हीवरच्या जाहिरातीला भुलून त्याने धार लावायचं साधन घेतलं, आणि लगेच दुसऱ्या जाहिरातीत दिसली ही सुरी, जिला धार लावावीच लागत नाही. रागाने त्याने टीव्ही खिडकीबाहेर फेकला आणि खाली एक स्थलांतरित मेला. खड्ड्याबाहेरही वरून पडणारी वस्तू खालच्याच डोक्यात बसते, हे एवढ्याशा किश्शात येऊन जातं.

उपाय म्हणून चित्रपट तीन वाटा चालून पाहतो. पहिली समजुतीची. इमोगिरी ही खड्डा चालवणाऱ्या कार्यालयातच २५ वर्षं नोकरी केलेली, ३३व्या मजल्यावरची गोरेंगची सोबतीण. ती खालच्यांसाठी दोन ताटं वाढून ठेवते आणि तुम्हीही पुढच्यांसाठी असंच करा म्हणून रोज विनवते. कोणी ऐकत नाही. दुसरी वाट धमकीची. ऐकलं नाहीत तर सगळ्या अन्नावर विष्ठा करीन, असं गोरेंग बजावतो आणि खालचे मुकाट ऐकतात. पण वरच्यांना हे कसं सांगणार? विष्ठा वर जात नाही. सत्तेची याहून ओंगळ आणि याहून नेमकी व्याख्या माझ्या तरी पाहण्यात नाही. तिसरी वाट बळजबरीची. गोरेंग आणि सहाव्या मजल्यावरचा त्याचा सोबती बहारात मेजावर बसूनच खाली उतरतात. वरचे ५० मजले रोज खाणारे, त्यांना एक दिवस उपास. तिथून खाली मोजून वाढायचं. या न्याय्य वाटपात किती माणसं मारली जातात ते पाहिलंतच.

इमोगिरीचा हिशेबही चुकलेला असतो. तिला वाटतं मजले २०० आहेत. निघतात ३३३. खालपर्यंत पुरेल हे तिचं सगळं गणित कार्यालयाने दिलेल्या आकड्यावर उभं, आणि तळ किती खोल आहे ते २५ वर्षं आत काम करूनही तिला कळलेलं नाही.

काही जण हे रूपक थेट जातिव्यवस्थेला लावतात. उष्टं खालीच जातं, एवढ्यापुरतं ते जुळतं. पण बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाला मनोरा म्हटलं, ज्याची एकेक जात म्हणजे एकेक मजला आणि ज्याला शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. खड्ड्यात दर महिन्याला सोडत आहे. त्यामुळे तिथला वरचा माणूस घाबरून क्रूर होतो. मनोऱ्यातल्या वरच्याला घाबरायचं कारणच नाही, म्हणून तो निवांतपणे क्रूर राहू शकतो आणि त्याला रीत म्हणू शकतो.

रूपक लंगडं पडतं ते दुसरीकडेच. खड्ड्यात कोणीच राबत नाही. अन्न वरच्या स्वयंपाकघरातून आयतं येतं, खालचे नुसते खाणारे. खऱ्या जगात पिकवणारा खालीच असतो. तेव्हा हा चित्रपट वाटपाचा आहे, श्रमाच्या शोषणाचा नाही. ते हवं असेल तर बोंग जून-हो यांचा ‘स्नोपीअर्सर’ (२०१३) पाहा. तिथे शेवटच्या डब्यातली लहान मुलं इंजिनाच्या झिजलेल्या भागाच्या जागी राबतात.

आता पन्ना कोटा. ठरतं असं की एक पदार्थ कोणीही न खाता परत वर पाठवायचा, म्हणजे स्वयंपाकघराला कळेल की खाली माणसं स्वतःला आवरू शकतात. ३३३व्या मजल्यावर ती मुलगी सापडते. सोळाच्या आतल्यांना इथे प्रवेश नाही, असं इमोगिरीने छातीठोक सांगितलेलं असतं. पन्ना कोटा मुलीला खायला दिला जातो आणि संदेश म्हणून मुलगीच वर जाते. ती पोचते का, ते दाखवलेलं नाही.

पण मधला एक प्रसंग परत पाहा. मुख्य आचारी सगळ्यांना रांगेत उभं करून एका पन्ना कोटात सापडलेल्या केसावरून झापतो. माझं वाचन असं की हा प्रसंग म्हणजे पन्ना कोटा वर पोचला असता तर काय झालं असतं, त्याची झलक आहे. पदार्थ न खाता परत आला, याचा अर्थ वरच्यांनी लावला असता तो एवढाच: कोणाचा तरी केस पडला असणार.