कलणारे घर

कोथरूड, पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू ठेवून गेलेला नौकेचा पाहणी अहवाल मी दोनदा वाचला आणि छायाचित्रे भिंग घेऊन पाहिली. छत्तीस फुटी, फायबरग्लासची, चाळीस वर्षे पाण्यात काढलेली नौका दुरुस्त करून तिच्यावर बायको-मुलांसह राहण्याचा तुझा विचार मला मनापासून आवडला आहे, आणि म्हणूनच तुझ्या कामांच्या यादीबद्दल स्पष्ट लिहितो. त्या यादीत गाद्या, ओटा आणि दिवे सर्वांत वर आहेत. ती जागेवर उभ्या असलेल्या घराची यादी झाली. शिडात वारा भरला की नौका पंधरा-वीस अंश कलते आणि तासन्‌तास तशीच चालत राहते. तुला घर बांधायचे आहे ते त्या कलासाठी.

हा कल म्हणजे काय ते पुण्यातच अनुभवता येईल. तीन फूट रुंद खाटेच्या एका बाजूच्या दोन्ही पायांखाली फूटभर विटा पक्क्या रच. सुमारे वीस अंशांचा कल येतो. मग थोरल्या मुलीला तिच्यावर निजायला सांग आणि तू शेजारी बसून राहा. ती घसरून खालच्या कडेला येईल, हात टेकवून स्वतःला धरून ठेवील, आणि दहा मिनिटांत कंटाळून उठेल. नौकेवर रात्रभर हेच झाले, तर मूल झोपत नाही, आणि मूल झोपले नाही तर पहाऱ्यावरून सुटलेल्या आईबापालाही झोप नाही. म्हणून मुलांचे बिछाने अरुंद ठेव आणि प्रत्येकाच्या उघड्या कडेला जाड कॅनव्हासचा पडदा लाव, जो खाली घट्ट पक्का आणि वर दोरीने ताणलेला असेल. आधाराच्या दांड्याही दोन उंचींवर हव्यात, कारण तुझ्या हाताला लागणारी दांडी चार वर्षांच्या मुलाला छतासारखी आहे.

स्वयंपाकघरात शेगडी कलाबरोबर झुलणारी हवी आणि भांडी धरून ठेवायला तिला कठडा हवा, हे तुला ठाऊकच आहे. सिलिंडरबद्दल मात्र मी हट्टाने सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात तो निदान दाराच्या फटीतून बाहेर जाऊ शकतो. नौकेचे पोट म्हणजे बंद भांडे आहे, गॅस तळाशी साठतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडर वर, वेगळ्या बंदिस्त कप्प्यात ठेव, आणि त्या कप्प्याच्या तळातून निघणारी नळी थेट नौकेबाहेर सोड.

आता छायाचित्रांकडे वळतो. मोरीचे पाणी बाहेर सोडणाऱ्या, नौकेच्या तळातल्या भोकावर बसवलेल्या कॉकवर जिथे रंग खरवडला गेला आहे, तिथला धातू पिवळा दिसत नाही, मातकट गुलाबी दिसतो. हा रंग मी ओळखतो. माझ्या पहिल्या नौकेवर असाच कॉक बंद करायला गेलो, तर मूठ वरच्या तुकड्यासकट हातात आली. नौका त्या दिवशी जमिनीवर होती, एवढेच नशीब. खारे पाणी पितळेतले जस्त हळूहळू काढून नेते आणि मागे ठिसूळ, सच्छिद्र तांबे उरते. असा कॉक तुटला तर पाण्याखाली दोन फुटांवरच्या दीड इंची भोकातून मिनिटाला शंभर लिटरहून अधिक पाणी आत येते. सगळे कॉक काढून अस्सल काशाचे बसव, आणि प्रत्येकाशेजारी मऊ लाकडाचे निमुळते बूच दोरीने बांधून ठेव.

डोलकाठीच्या तारा किती जुन्या आहेत याची नोंद नसेल, तर त्या बदलायच्याच असे धर. त्या ज्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात, त्या चेनप्लेट उपसून पाहा, कारण स्टेनलेस स्टील नजरेआडच्या ओलसर, हवा न लागणाऱ्या फटीतच कुजते. बोल्ट बोहरी आळीत मिळतील, पण खाऱ्या पाण्यात अधिक टिकणाऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच घे, साध्या ३०४ चे नको, आणि पावतीवर तसे लिहून माग. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही.

नौकेच्या तळाचे काम पावसाळ्यात काढू नकोस. त्या हवेत फायबरग्लास वाळत नाही. ते दिवाळीनंतर. जून ते सप्टेंबर इथे सुतारकाम कर, आयएस ७१० या मानकाचे, नौकांसाठीचे प्लायवूड घेऊन. काम दुसऱ्यावर सोपवलेस तरी स्वतः हजर राहा. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधली जात असताना ते तिच्या कामात प्रत्यक्ष होते.

सुतारकामाच्या आधी आतल्या खोलीचा आराखडा पूर्ण मापात आमच्या गच्चीवर खडूने आखू. सूनबाईंना आणि मुलांना त्यात अर्धा दिवस वावरू दे. बिछाना, शेगडी, शौचालय कुठे हवे ते त्यांनाच सांगू दे. मापे घेऊन शनिवारी सकाळी ये. गच्चीची किल्ली मी मागून ठेवली आहे.

तुझा,
काका