जीएसची निवडणूक गेली कुठे?

प्रश्न : कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा ‘परिषदेत ये’ म्हणून दोघे मागे लागले. विद्यार्थी परिषद म्हणजे अभाविपच ना? (बार्शी)

नाही. नावातल्या ‘परिषदे’मुळे दरवर्षी हा घोळ होतो. अभाविप, एनएसयूआय, एसएफआय या संघटना आहेत. पटले तर सभासद व्हा, नाहीतर नका होऊ. कॉलेजची विद्यार्थी परिषद कायद्याने आलेली आहे. तिथले प्रतिनिधी तुमचेही असतात, तुम्ही वर्गणी द्या वा न द्या.

प्रश्न : वडील सांगतात, त्यांच्या वेळी जीएसच्या निवडणुकीत सोलापूर दणाणून जायचे. मग आता काहीच कसे होत नाही? (सोलापूर, जुळे सोलापूर)

वडील खोटे सांगत नाहीत. तेव्हा आपली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. जीएस (जनरल सेक्रेटरी, म्हणजे परिषदेचा सचिव), यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी), एलआर (विद्यार्थिनी प्रतिनिधी) ही पदे म्हणजे तालुक्याच्या राजकारणाची रंगीत तालीमच. पॅनेल उभी राहायची, मतदार पळवले जायचे, क्वचित डोकीही फुटायची. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद केल्या. वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, आणि अशा प्रतिनिधींतूनच सचिव. हुशार मुले आली, यात वाद नाही. पण परीक्षेत पहिला येणे आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरून ‘होस्टेलला पाणी नाही’ असे सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. परिषद हळूहळू गॅदरिंगच्या मांडवापुरती उरली.

आपले सोलापूर विद्यापीठ २००४ चे, म्हणजे बंदीनंतर दहा वर्षांनी जन्मलेले. २०१६ च्या नव्या कायद्याने थेट मतदान परत आणले. २०१९ मध्ये वेळापत्रकही निघाले होते. तेवढ्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणून ते स्थगित झाले आणि पाठोपाठ कोरोना आला. आमदारकीसाठी वाट मोकळी करून द्यायची ती विद्यार्थ्यांनी, हे मला तेव्हाही खटकले होते.

यात नुकसान मांडवाचे नाही. कायद्याप्रमाणे विद्यापीठ विद्यार्थी संघाचे अध्यक्ष आणि सचिव अधिसभेवर (सिनेटवर) बसतात, आणि विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढेच येतो. केगावला, म्हणजे विद्यापीठात बसून परीक्षा शुल्काचा हिशेब विचारायचा हक्क त्या दोन खुर्च्यांना आहे.

प्रश्न : निवडणूक झालीच तर पैसेवाल्यांचीच पोरे येणार ना? (पंढरपूर)

भीती रास्त आहे. त्यासाठीच विद्यार्थी निवडणुकांबाबतच्या लिंगदोह समितीचे नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ते २००६ मध्ये लागू केले. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, ७५ टक्के हजेरी, पदवीसाठी वय १७ ते २२, आणि छापील पोस्टर अजिबात नाही. हाताने रंगवा, नेमून दिलेल्या जागी लावा. चौकाचौकात वाढदिवसाचे ‘डिजिटल’ फलक लावणाऱ्या आपल्या गावात हे पाळले जाईल का, तुम्हीच सांगा!

प्रश्न : ही कल्पना इंग्रजांचीच का? (अक्कलकोट)

हो. केंब्रिज (१८१५) आणि ऑक्सफर्ड (१८२३) इथले ‘युनियन’ मात्र वादविवादाचे क्लब होते. प्रशासनापुढे विद्यार्थ्यांची बाजू मांडणारी निवडलेली परिषद एडिनबरोत १८८४ मध्ये निघाली आणि पाचच वर्षांत तिला कायद्याची मान्यता मिळाली.

प्रश्न : परिषद नाही, निकाल चुकला आहे. जाऊ कुठे? (मोहोळ)

आधी कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करा. तोंडी सांगू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा, हॉल तिकीट आणि गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. ‘सर जेवायला गेलेत’ म्हणाले तर तिथेच बसा.