पित्ताशयात खडा आहे, तर पूर्ण पिशवीच काढायची का?

तुमच्या आईंचं वय ५४, शुगर आहे, जड जेवणानंतर रात्री दोनदा पोटात जोराची कळ आली. नौपाड्यात केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात ११ मिलिमीटरचा खडा दिसला आणि सर्जननी पिशवी काढायला सांगितलं. शेजारच्या काकू म्हणतात, मुतखडा पडतो तसा हाही औषधाने पडेल. मग ऑपरेशन कशाला, आणि पिशवी गेल्यावर पचनाचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यातच सर्जरीच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. खाटेशेजारी बसलेले नातेवाईक हेच विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी काकूंचं. मुतखडा लघवीच्या वाटेत असतो. भरपूर पाणी प्यायलं की लहान खडा लघवीबरोबर बाहेर पडू शकतो, आणि पडला की माणूस सुटतो. पित्ताशयाचं तसं नाही. प्यायलेलं पाणी त्या पिशवीत जातच नाही. आणि तिथला खडा खरोखरच निसटला तर तो मोठ्या पित्तनलिकेत उतरतो. तिथे अडकला तर कावीळ होते, कधी स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते दुखणं साध्या कळेपेक्षा कितीतरी गंभीर असतं. म्हणून हा खडा ‘पडावा’ अशी इच्छा कुणी धरू नये.

आता कळ का येते ते. लिव्हर दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. उजव्या बरगड्यांच्या आड, लिव्हरच्या खालच्या अंगाला पेरूएवढीही नसलेली, ७ ते १० सेंटिमीटर लांबीची पिशवी असते. तिच्यात ३० ते ५० मिलिलिटर पित्त साठतं आणि पाणी शोषलं जाऊन दाट होतं. तुपातलं, तळलेलं अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथून एक हार्मोन रक्तात सुटतं, पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. तोंडाशी खडा अडकलेला असेल तर पिशवी जोर लावते, पण वाट बंद. कळ येते ती तेव्हा. लग्नाचं जेवण, दिवाळीचा फराळ, उपासाची शेंगदाणे घातलेली खिचडी यांच्यानंतरच दुखणं का उठतं, हे यावरून लक्षात येईल.

बरेच जण याला ॲसिडिटी समजून महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहतात. फरक असा, की खड्याची कळ छातीत जळजळल्यासारखी नसते. पोटाच्या वरच्या भागात मधोमध किंवा उजवीकडे घट्ट आवळल्यासारखं दुखतं, उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जातं, अर्ध्या तासापासून काही तास टिकतं. मळमळतं, उलटी होते, कुशी बदलूनही चैन पडत नाही. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या, शुगर असलेल्या बाईंना असं दुखलं तर एक ईसीजी काढायलाच हवा. हृदयाचं दुखणंही पोटात वरच्या बाजूला जाणवू शकतं. आईंचा काढला नसेल तर तो आधी काढून घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. नुसता खडा दिसला म्हणून पिशवी काढत नाहीत, हे अगदी खरं आहे. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि खडा सापडला, पण त्रास काही नाही, अशा शंभर जणांत वर्षाला एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. त्यांना सर्जनसुद्धा बहुधा थांबायला सांगतात. खडा ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, पिशवीची भिंत कॅल्शियमने कडक झाली असेल किंवा मोठा पॉलिप (पिशवीच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब) असेल, तर गोष्ट वेगळी. पण आईंना दोनदा कळ येऊन गेली आहे, आणि एकदा सुरू झालेली कळ पुन्हापुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. त्यात शुगर. पिशवीला जंतुसंसर्ग झाला तर शुगरच्या पेशंटचा आजार लवकर चिघळतो, आणि कधीकधी दुखणं मात्र कमीच जाणवतं. म्हणून तुमच्या सर्जनचं म्हणणं मला पटतं. सूज नसताना, शुगर आटोक्यात ठेवून ठरवून केलेलं ऑपरेशन आणि ताप चढल्यावर रात्री धावपळ करून केलेलं ऑपरेशन, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

खडा तेवढा काढून पिशवी ठेवली, तर खडे पुन्हा होतात, कारण ते त्या पिशवीतच बनतात. पित्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत, पण त्या कोलेस्टेरॉलच्या, छोट्या खड्यांवरच चालतात, महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, आणि त्यांनी विरघळलेले खडे पाच वर्षांत सुमारे निम्म्या लोकांना परत होतात. ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडायचा उपाय व्हॉट्सॲपवर फिरतो, तो कृपा करून करू नका. दुसऱ्या दिवशी शौचातून जे हिरवट गोळे पडतात ते तेलापासून पोटातच तयार झालेल्या साबणाचे असतात. खडा जागेवरच राहतो, आणि एवढं तेल एकदम पोटात गेल्यावर पिशवी जोरात आकसते ते वेगळंच.

ऑपरेशनची भीती समजते. पण मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हापासून आपल्याकडे हे ऑपरेशन इतकं रुळलंय की बहुतेक पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातात. पोटावर तीन-चार लहान छेद असतात. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्यामुळे नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. पेशंट घाबरतात, पण ते आपोआप थांबतं. आत फार चिकटलेलं असेल तर मोठा छेद घ्यावा लागतो, आणि क्वचित पित्तनलिकेला इजा होऊ शकते. संमतिपत्रावर सही करण्याआधी हे सर्जनशी मोकळेपणाने बोला. लिव्हरची रक्ततपासणी झाली का तेही विचारा. तिच्यात बिलिरुबिन (कावीळ झाली की रक्तात वाढतं ते पिवळं द्रव्य) वाढलेलं असेल किंवा नलिका फुगलेली दिसली, तर तिथे खडा नाही ना हे आधी पाहावं लागतं. शुगरच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते भूलतज्ज्ञांना विचारा, स्वतः ठरवू नका. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड दाखवून विचारा.

पचनाचं म्हणाल तर पित्त बनवतं लिव्हर, पिशवी फक्त साठवते. ती गेल्यावर पित्त थोडंथोडं थेट आतड्यात येत राहतं. काहींना सुरुवातीला पातळ शौचाला होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत बसतं. पहिले काही दिवस तेल-तूप बेताचं ठेवा. पुढे घरचं नेहमीचं जेवण चालतं, जन्मभर फोडणीशिवाय खायची गरज नाही.

तारीख मिळेपर्यंत तळलेलं टाळा. कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा दुखणं पाठीत आरपार गेलं, तर रात्र असली तरी कॅज्युअल्टीत न्या. आणि ऑपरेशननंतर काढलेली पिशवी तपासणीला पाठवतात, तिचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. टाके दाखवायला जाल तेव्हा तो मागून घ्या आणि सर्जनकडून वाचून घ्या.