अर्ज लेकीचा, अक्षर वडिलांचं

सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करतेय. ते लिहितात: "आम्हाला अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पीजी, घ्यायची आहे. तिथल्या डॉक्टरी परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला, स्टेप १ला, आता फक्त पास व्हायचं असतं, म्हणून दीड महिन्यानंतरची तारीख मी घेऊन टाकली. येत्या सप्टेंबरला अर्ज करायचाच आहे. पर्सनल स्टेटमेंट मी स्वतः लिहून तयार ठेवलंय. एक कन्सल्टंट पाच रिसर्च पेपरांत नाव घालून देतो म्हणतो. इंटरव्ह्यूला नेमकं कशावर बोलावतात? मुलगी पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) पोस्टिंगवरून आली की तिथल्या पेशंटबद्दल बोलत बसते, अमेरिकेचं काढलं की गप्प. म्हणून मीच लिहितोय."

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यात मुलीचं काही सापडतं का ते शोधत होतो. सापडलं ते एवढंच, की पीएचसीतल्या पेशंटबद्दल ती बोलत बसते. म्हणजे ती बोलते. तुम्हाला हव्या त्या विषयावर बोलत नाही, इतकंच. तारीख तुम्ही घेतलीत, शाखा तुम्ही ठरवलीत, 'मला डॉक्टर म्हणून काय करायचंय' हे सांगणारा तिचा निबंधही तुम्हीच लिहिलात. मला काळजी वाटली ती याची. मार्कांचं नंतर बघता येईल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यातूनच माझं म्हणणं कळेल. आपल्याकडे नीट-पीजीला रँक लागते, कॉलेज रँकवर मिळतं, उमेदवार कोण आहे हे कुणी विचारत नाही. अमेरिकेत अशी एकच गुणवत्ता यादी नसते. ईआरएएस या पोर्टलवरून अर्ज जातात आणि इंटरव्ह्यूला कुणाला बोलवायचं ते प्रत्येक हॉस्पिटलचा प्रोग्राम स्वतः ठरवतो. जागा मूठभर आणि अर्ज हजारांत, म्हणून बरेच प्रोग्राम आधी चाळणी लावतात: स्टेप २ सीके या पुढच्या टप्प्याच्या परीक्षेचा स्कोअर, एखाद्या परीक्षेत नापास झाल्याची नोंद, पदवीला किती वर्षं झाली, व्हिसा लागणार का. चाळणीतून जे उरतात, त्यांच्या फायली माणसं वाचतात. शिफारसपत्रं, कॉलेजकडून येणारा एमएसपीई (विद्यार्थ्याच्या कामगिरीचा अहवाल), पर्सनल स्टेटमेंट आणि अनुभवांचा विभाग, सगळं. त्या विभागात जास्तीत जास्त दहा अनुभव लिहायचे असतात आणि त्यांतले तीन सर्वांत महत्त्वाचे का वाटतात ते सांगायचं असतं. शिवाय आता 'सिग्नल' आलेत. 'मला खरोखर तुमच्याकडेच यायचंय' हे मोजक्याच प्रोग्रामना कळवता येतं.

आता सांगा, यातलं काय तुम्ही तिच्या वतीने भरू शकता? तुम्ही लिहिलेलं स्टेटमेंट समजा आवडलं आणि बोलावणं आलं. स्क्रीनवर समोरचा डॉक्टर त्यातलंच एखादं वाक्य उचलून विचारणार, 'या पेशंटबद्दल आणखी सांग.' तो पेशंट तिने पाहिलेलाच नसेल तर पुढचं सगळं अवघड आहे. पाच पेपरांचंही तसंच. ज्या कामाला तिने हात लावलेला नाही त्यावर तिचं नाव घालणं हा खोटेपणा आहे, आणि उघडकीला आला तर कलंक तिच्या नावावर लागेल, कन्सल्टंटच्या नाही. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका.

'स्टेप १ला फक्त पास व्हायचं असतं' हा समज मात्र नीट खोडून काढायला हवा, कारण त्याच्या जोरावर तुम्ही तारीख घेतलीत. २६ जानेवारी २०२२पासून या परीक्षेचा तीन आकडी स्कोअर बंद झाला आणि निकाल पास किंवा नापास एवढाच येऊ लागला, हे खरं. पण त्यामुळे परीक्षा सोपी झालेली नाही. नापास झाली तर ती नोंद ट्रान्सक्रिप्टवर कायम राहते आणि तिथे अर्ज गेला की प्रत्येक प्रोग्रामला दिसते. पुढच्या खेपेला उत्तम रीतीने पास झाली तरी पुसली जात नाही. कित्येक प्रोग्राम असा अर्ज चाळणीतच बाजूला काढतात. दुसरं असं, की स्टेप १चा आकडा गेल्यामुळे सगळं वजन स्टेप २ सीकेवर आलं. तिथे आजही तीन आकडी स्कोअर मिळतो आणि एकदा पास झालं की तो सुधारायला परत बसता येत नाही. घाईने स्टेप १ देऊन, लगेच कच्च्या तयारीवर स्टेप २ आणि सप्टेंबरला अर्ज, या तुमच्या वेळापत्रकात दोन्हीकडे नुकसान तिचंच आहे. वॉर्डातल्या ड्यूट्या करून दीड महिन्यात ही परीक्षा निघेल असं ती स्वतः म्हणत असेल, तर एनबीएमई या परीक्षा तयार करणाऱ्या संस्थेची सराव परीक्षा देऊन बघू दे. निकाल डळमळीत आला तर तारीख पुढे ढकला. त्याला थोडे पैसे लागतील, लागू देत.

वर्ष वाया जाईल ही भीती सोडा. पदवीनंतर पाच-सात वर्षं गेली तर अडचण होते, एका वर्षाने होत नाही. तसाही सरकारी कॉलेजचा एक वर्षाच्या सेवेचा बाँड तिच्यापुढे आहेच.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. २०२४च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, भाग घेतलेल्या, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी सुमारे ५८ टक्क्यांनाच जागा मिळाली. यातले बहुतेक कष्टाळू आणि हुशार होते. तरीही दहातले चार रिकाम्या हाताने राहिले. ज्याला मनापासून जायचं असतं तो हे पचवून पुन्हा अर्ज करतो. जिला ढकललं गेलंय, तिच्या वाट्याला अशा वेळी काय येतं ते मी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर पाहिलंय. म्हणून इतकं तोडून लिहितोय.

तिला अमेरिकेला जायचंच नाही, असा निष्कर्ष मी एका पत्रावरून काढणार नाही. कदाचित जायचं असेल, पण बालरोगासाठी किंवा फॅमिली मेडिसिनसाठी. कदाचित इथेच पीएसएममध्ये (सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यकशास्त्रात) एमडी करायचं असेल, आणि ते तुमच्यापुढे उच्चारायची हिंमत होत नसेल. पीएसएम म्हटलं की घरोघरी नाकं मुरडतात, मला माहीत आहे. पण साथ आली, कुपोषण वाढलं, लसीकरण ढासळलं की त्याच डॉक्टरांना शोधत फिरावं लागतं.

तेव्हा या रविवारी ती घरी आली की पीएचसीतल्या पेशंटबद्दल विचारा आणि ऐका. तासभर लागला तरी मध्ये अमेरिका काढू नका. तुम्ही लिहिलेलं स्टेटमेंट कॉम्प्युटरवरून काढून टाका. मग हे उत्तर तिला वाचायला द्या आणि सांगा, की पुढचं पत्र तिने लिहावं, तुम्हाला न दाखवता. मराठीत लिहिलं तरी चालेल. तिला मी सविस्तर उत्तर देईन.